दाराशीच तपासणी कशाला?



२०२० साली कोरोनाची साथ आली. मार्चअखेर आपल्या नाशिक जिल्ह्यात पहिला रोगी सापडला, तो लासलगावच्या बाजूला. सुरुवातीला नाकाघशातला नमुना पुण्याच्या विषाणू संस्थेकडे पाठवावा लागे.

तेव्हा एक तक्रार आम्ही पुष्कळ ऐकली. "माणूस छातीच्या कळेनं तळमळतोय, अन् यांना नाकात काडी घालायची घाई!" राग खरा होता. अहवाल येईतो रोग्याला वेगळ्या खाटेवर ठेवायचे, पण उपचार लगेच सुरू करायचे, अशी रीत. जिथे उपचार अडले, तिथे चूकच झाली.

कांदा चाळीत भरताना आपण आधी निवडतो ना? माणूस काही कांदा नव्हे, त्याला टाकून द्यायचे नसते. वेगळे ठेवायचे असते. पण अतिदक्षता विभागात, म्हणजे अत्यवस्थ रोग्यांच्या खोलीत, ही निवड अवघड. कुणी अपघाताचा, कुणी हृदयाचा, कुणाला शुद्धच नाही. घसा दुखतो हे सांगणार कोण? तापालाही कारणे दहा. म्हणून साथीच्या काळात लक्षण दिसो न दिसो, तपासत असत.

बरे, एकदा तपासून भागत नाही. कधी नाकात विषाणू सापडत नाही, फुप्फुसात मात्र असतो. मग श्वासनळीत घातलेल्या नळीतून आतला कफ काढून तपासतात. त्या वेळी बारीक तुषार उडतात. परिचारिकेच्या तोंडाला चांगली मुखपट्टी नसेल, तर रोग तिला गाठतो. आणि ती तर लगेच पुढच्या खाटेकडे जाणार असते.