धाप अंगावर काढू नका

कोलकात्याजवळ बराकपूर-टिटागढ पट्ट्यात हुगळीकाठी तागाच्या गिरण्या आहेत. तागाच्या धुळीत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांचा खोकला आणि धाप बळावू शकते. सूतगिरणीची धूळ, बिडीचा आणि चुलीचा धूरही तसाच छातीला बाधतो. 'वय झालं' म्हणून दुर्लक्ष करू नका, वेळीच छाती तपासून घ्या.

स्वस्थ बसलेला निरोगी माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. श्वास २५ च्या वर गेले, दोन-चार शब्दांतच बोलणं तुटू लागलं, ओठ निळसर पडले, छातीत दुखू लागलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच ११२ ला फोन करा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

मदत येईपर्यंत रुग्णाला आडवं करू नका. किंचित पुढे झुकवून बसवा, कपडे सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. दम्याचा पंप असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या. बळेच पाणी पाजू नका. आणि घरात दम्याचा रुग्ण असेल, तर पंप कुठे ठेवला आहे, हे सगळ्यांना आजच सांगून ठेवा.