शाकारलेल्या होडीतील ओल



मिरगाचा पाऊस लागण्यापूर्वी आपल्या किनाऱ्यावर होड्या शाकारण्याची एकच गडबड उडते. काही होड्या ओढून वर घेतात, काही खाडीच्या आडोशाला नांगरून ठेवतात आणि वर आच्छादन घालतात. यांत्रिक नौकांना या दिवसांत मासेमारीची बंदीच असते. २०२४ साली महाराष्ट्रात ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस होती. एवढ्या अवधीत वरून धडधाकट दिसणारी होडी आतून बुरसते. खण उघडावा तर कुबट वास, फळ्यांवर हिरवट लव, शिडावर तीट लावल्यासारखे काळे ठिपके! "पावसाळाच तो, भिजायचंच," असे आपण म्हणतो. पण आच्छादन नीट असेल तर पाऊस आत शिरलेलाच नसतो. मग हे पाणी आले कोठून?

भाताच्या भांड्यावरचे झाकण काढून पहा. त्याच्या आतल्या अंगाला थेंब लोंबत असतात. होडीत तेच घडते. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते; तीच २५ अंशांवर आली की जेमतेम २३ ग्रॅम धरते. उरलेले ७ ग्रॅम जाणार कोठे? गार फळ्यांवर थेंब होऊन बसतात. दहा घनमीटरांच्या खणात पूर्ण ओल्या झालेल्या हवेतून असे ७० ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटी पाणी सुटते. आणि हा हिशेब एका रात्रीचा. तळाला साचलेल्या पाण्याची दुपारी पुन्हा वाफ होते, रात्री ती पुन्हा फळ्यांना बिलगते. म्हणून पहिले काम हे की, शाकारण्यापूर्वी तळचे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उपसा आणि फडक्याने टिपून घ्या.

दुसरे काम आच्छादनाचे. पूर्वी नारळाच्या झापांनी होडी शाकारीत. झाप पाऊस निथळून टाकतो, पण वाऱ्याला अडवीत नाही. आता निळे प्लास्टिक घट्ट आवळून बांधतात. पाऊस अडतो खरा, पण होडीचा श्वासही अडतो. प्लास्टिक वापरूच नये असे मी म्हणत नाही. ते स्वस्त आहे आणि झाप विणणारे हातही कमी झाले आहेत. मात्र मध्ये आडवा वासा टाकून ते घराच्या छपरासारखे उतरते करावे, काठापासून वीतभर उचललेले असावे आणि नाळेकडचे व मागचे तोंड, पावसाची झड न लागेल अशा बेताने, उघडे ठेवावे. खणाची झाकणेही अर्धवट सरकवून ठेवावीत.

युरोपात शिडाच्या नौका हिवाळाभर धक्क्याला बांधून ठेवतात, त्यांचेही दुखणे हेच. पण तेथील बाहेरची थंड हवा आत येऊन किंचित तापली की कोरडी ठरते. आपल्याकडे आषाढात बाहेरची हवाच ओलीचिंब. तेव्हा वारा खेळवल्याने होडी खडखडीत सुकेल असे समजू नका. आतली ओल बाहेरच्यापेक्षा वाढत नाही, एवढाच त्याचा लाभ. पण तोही थोडका नव्हे. खरे सुकवण उघडीप पडेल त्या दिवशी. त्या दिवशी आच्छादन बाजूला सारा, फळ्या उचला, होडीला ऊन दाखवा.

आता मिठाची गंमत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील काही हवेतली ओल शोषून घेतात. खाऱ्या पाण्यात भिजलेले शीड वा दोर कितीही वाळवले तरी पावसाळी हवेत पुन्हा चिकट होतात, ते यामुळे. म्हणून शीड, दोर, कपडे गोड्या पाण्याने धुऊन, कडक उन्हात वाळवून घरी माळ्यावर ठेवावेत. होडीत ठेवूच नयेत. लाकडाची गोष्ट मात्र उलटी. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात मुरलेल्या फळीत सहसा वाढत नाही. पावसाचे गोडे पाणी सांध्यातून झिरपले की ती फोफावते. शिडाला मीठ वैरी आणि लाकडाला सोबती! फळीतील ओल शेकडा २० च्या खाली राहिली तर लाकूड कुजत नाही, असा ढोबळ नियम आहे.

काहीजण ओल घालवण्यासाठी खणात रॉकेलचा स्टोव्ह पेटवतात. हा उपाय म्हणजे रोगाला खुराक. एक लिटर रॉकेल जळाले की जवळजवळ एक लिटर पाण्याची वाफ तयार होते! कोळशाची शेगडी तर त्याहून वाईट. बंद जागेत तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना हे दाखवणे सोपे आहे. खळ लावलेल्या सुती कापडाचे दोन ओले तुकडे घ्या. एक झाकणाच्या बरणीत ठेवा, दुसरा वाऱ्यावर टांगा. आठवडाभराने दोन्ही शेजारी ठेवून मुलांनाच कारण विचारा. बरणी मात्र त्यांना हुंगू देऊ नका.

शेवटी एक सांगावयाचे राहिले. नारळीपौर्णिमेच्या सुमारास खण उघडाल, तेव्हा लगेच आत उडी टाकू नका. बंद खणात मासळीचा अंश किंवा घाण पाणी कुजत राहिले असेल तर प्राणवायू संपलेला असतो, विषारी वायूही साठलेला असतो. झाकणे काढून वारा चांगला खेळू द्या. एकट्याने उतरू नका. वर एक माणूस उभा असू द्या. आणि आत कोणी कोसळलाच, तर त्या वरच्या माणसाने त्याच्यामागे खाली न उतरता आधी हाक देऊन माणसे जमवावीत.