घरच्या फौजीचा नंबर ठाऊक आहे का?

कर्ज किती, हप्ता किती, व्याज किती, हे आपण तोंडपाठ सांगतो. पण घरातल्या फौजीचा आर्मी नंबर विचारला, की बऱ्याच जणी म्हणतात, "त्यांच्या पेटीत असेल." आज त्या पेटीबद्दलच बोलू.

जवानाची भरती, निवृत्ती, बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, वारस, ही सगळी नोंद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. गार्ड्सचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या कामठीत आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. म्हणून आधी रेजिमेंट कोणती ते पाहा.

पेटीत डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, शोधा. दोन्हीवर नंबर असतो. नाही सापडले, तर माजी सैनिकाचं ओळखपत्र पाहा. पदकं असतील, तर त्यांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं.

आमच्या एका गटातल्या ताईंचं नाव लग्नात बदललं. तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, आधारवरही तेच आलं. फौजेत मात्र माहेरचंच नाव राहिलं. पती गेले आणि कुटुंब पेन्शन अडली. ती बाई तीच आहे, हे शपथपत्र आणि पुरावे देऊन सिद्ध करण्यात सात महिने गेले. तोवर घर चाललं ते गटाच्या कर्जावर. पती हयात असताना त्यांच्याच अर्जाने हे नाव दुरुस्त करता आलं असतं. म्हणून पेन्शनच्या कागदावर आपलं नाव आणि जन्मतारीख आधारसारखीच आहे का, ते आजच पाहा.

अर्ज साध्या मराठीत नको, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून घ्या. नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, रेजिमेंट, भरतीचं आणि निवृत्तीचं वर्ष, आपलं नातं आणि नेमका कोणता कागद हवा, एवढं लिहा. सोबत आधारची आणि पती वारले असतील तर मृत्यू दाखल्याची प्रत जोडा. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या कामी मदत मिळते. उत्तर आलं नाही, तर 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालील बाईला ही फी नाही.

आजोबांच्या काळातला शोध असेल, तर एक लक्षात ठेवा. पेन्शन न लागलेल्या जवानाची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट केली जातात. तरी लाँग रोल नावाच्या नोंदवहीत त्याची नोंद राहते. तिचा उतारा मागा.

मूळ कागद एजंटाच्या हाती देऊ नका, झेरॉक्सच द्या. आणि पुढच्या बैठकीत प्रत्येक फौजी घरातल्या बाईने नंबर, रेजिमेंट आणि पीपीओ क्रमांक आपल्या वहीत आपल्या हाताने लिहून आणावा. कुठे अडलं, तर आम्ही सोबत बसून अर्ज भरू.