अण्णांची पद्मिनी आणि टर्बोचं इंजिन

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्य, होळकरांचा इतिहास, संगीत अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. यंदा कार्यवाह मला म्हणाले, "तुझ्या अंगणात रविवारी तो जो आवाज होतो ना, त्याच्यावर बोल." मी राज्य शासनाच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर उपयंत्री. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून पंपांचीच संगत. तेव्हा पंपाच्याच भाषेत सांगतो, सांभाळून घ्या.

आमच्या अण्णांची प्रीमियर पद्मिनी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. काही जण तिच्यातून उज्जैनलाही जाऊन आले आहेत, सहा माणसं आणि मांडीवर दोन पोरं. अण्णा गेले आणि गाडी सात वर्षं ताडपत्रीखाली राहिली. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, कबाड्याला देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल." माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही परवानगी द्या, मी तिला टर्बो लावतो." आई काहीच बोलली नाही. ती रोज संध्याकाळी ताडपत्रीवरची पानं झाडायची, एवढंच.

मी मुलाला एक अट घातली. आजोबांच्या गाडीला हात लावायचा नाही. तसंच दुसरं इंजिन कबाड्याकडून आणायचं, स्टँडवर चढवायचं, आणि तिथे जे टिकेल त्याचाच पुढे विचार करायचा.

आता टर्बो म्हणजे काय? इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. मिनिटाला ४५०० फेऱ्या धरल्या तर हिशेबाने ते सुमारे २४५० लिटर हवा ओढायला हवं. वाल्व्ह आणि कार्ब्युरेटरच्या अडथळ्यातून प्रत्यक्षात दोन हजाराच्या आसपासच आत जाते. जेवढी हवा, तेवढंच पेट्रोल जळणार. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवून हवा आत कोंबायची, हा टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. म्हणजे कल्पना आपल्या सगळ्यांच्या आजोबांच्या वेळची.

पण दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना हाताला लागतं तेच. आपल्या उन्हाळ्यातली ३५ अंशांची हवा वातावरणाच्या १.४ पट दाबली की ऐंशी अंशांच्या पुढे जाते. अशा तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीने पेटल्यावर उरलेलं मिश्रण एकदम स्वतःहून भडकतं. ते नॉकिंग. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी आली होती. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण फवारलं जायचं, त्याची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरायचे! पद्मिनीचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, त्यामुळे इथे आम्हाला थोडी सवलत होती.

टर्बो आम्ही एका छोट्या डिझेल गाडीचा आणला. स्वस्त मिळाला आणि आकारही जुळला. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच गरम असतो, ही गोष्ट मला माहीत असूनही मी तिकडे कानाडोळा केला. पहिली चूक मात्र तेलाच्या नळीची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो, तोही तेलावर तरंगत. ते तेल स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये पडायला हवं. आम्ही परतीची नळी बारीक आणि जवळजवळ आडवी ठेवली. तेल तुंबलं, सीलमधून गळून जळायला लागलं आणि गल्लीभर निळा धूर. शेजारच्या काकूंनी अग्निशमनला फोन करायचा तेवढा बाकी ठेवला होता. उतार न देता नाली बांधणाऱ्या ठेकेदारांना मी इतकी वर्षं बोलत आलो आणि घरी तेच केलं.

दुसरी अडचण म्हणजे, इंजिनावर भार नसेल तर टर्बो दाबच तयार करत नाही. नुसतं रिकामं फिरवून काही कळत नाही. मग इंजिनाला एक जुना पंप जोडला. (खात्याचा नव्हे, स्वतःच्या पैशाने घेतलेला. पावती आहे.) टाकीतलं पाणी पुन्हा टाकीतच, आणि वाल्व्हने भार कमी-जास्त. हे सुचलं तेव्हा मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने बघायला लागला.

कार्ब्युरेटरमधून दाबाची हवा जायची म्हणजे पेट्रोलचा दाब त्याहून जास्त हवा, नाहीतर ऐन भारात पेट्रोल येणंच बंद. तेही जमवलं. ०.३ बारच्या दाबावर इंजिन छान चाललं. ३००० फेऱ्यांवर आधीपेक्षा सुमारे सव्वापट भार उचलला. मुलगा म्हणाला, "अजून वाढवू." मी हो म्हटलं. दाब ०.६ वर नेला आणि ठिणगीची वेळ मागे घ्यायची ती तशीच ठेवली. पंपाच्या आवाजात टकटक ऐकू आली नाही. चार मिनिटांत तिसऱ्या पिस्टनची रिंगेजवळची कडा तुटली. उघडल्यावर तो तुकडा मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. गाडीत मागच्या सीटवर आई असती तर, हाच विचार.

त्या रात्री मी मुलाला ब्रिटनच्या एमजी मेट्रो टर्बोचं उदाहरण दिलं. १९८२ ची गाडी, इंजिन १२७५ सीसीचं, पण त्याचा मूळ नमुना १९५१ चा. कारखान्याकडे पैसा, मदतीला लोटस कंपनी, आत सोडियम भरलेले एक्झॉस्ट वाल्व्ह. एवढं करून साध्या एमजी मेट्रोच्या ७२ हॉर्सपॉवरचे त्यांनी ९३ केले आणि थांबले, कारण खालचा गिअरबॉक्स त्याहून जास्त जोर सोसणारा नव्हता. पद्मिनीचा क्रँक तीन बेअरिंगवरचा, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: नोंदणीतल्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सरकारी नोकराने ते कलम माहीत नव्हतं म्हणून चालत नाही.

मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच अण्णांच्या गाडीवरची ताडपत्री काढली. मूळ इंजिन खोललं, नव्या रिंगा घातल्या, कार्ब्युरेटर साफ केला, ब्रेकचे लायनर बदलले. दसऱ्याला गाडी चालू झाली. आईने झेंडूचा हार घातला आणि विचारलं, "पूर्वीसारखीच चालते ना?" धाकट्या भावाने तिला राजवाड्यापर्यंत फिरवून आणलं. कबाड्याचा विषय नंतर त्यानेही काढला नाही.

टर्बोचं इंजिन अजून अंगणात स्टँडवर आहे. नवा पिस्टन घातलाय, दाब ०.३ वर, ठिणगीची वेळ मागे घेतलेली. डिझेलचा तो टर्बो किती दिवस टिकतो ते बघतोय. कोणाला पाहायचं असेल त्यांनी रविवारी दहानंतर यावं. तोवर काकूंचा जप आटोपलेला असतो.