संदेशाची किल्ली कोणाकडे?



खासगीपणाच्या अधिकाराची उदाहरणे सहसा दिल्लीची दिली जातात. भिलाईत त्याची गरज नाही. ‘महादेव’ या ऑनलाइन सट्टा अ‍ॅपचे मुख्य प्रवर्तक मूळचे याच शहरातले आणि ग्राहकांशी संपर्क व्हॉट्सअ‍ॅपवरून होत असे, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने या अ‍ॅपवर बंदी घातली. पोलिसांना हे संदेश आधीच वाचता आले असते तर, हा प्रश्न येथे साहजिकच विचारला जातो.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश एप्रिल २०१६ पासून पूर्णतः कूटबद्ध असतात. किल्ली पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या फोनमध्येच असते, कंपनीकडे नसते. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधील नियम ४(२) हा पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना, आदेश मिळाल्यास, मूळ प्रेषकाची ओळख पटवून देण्यास सांगतो. मजकूर उघड करण्यास नव्हे. हा भेद उत्तरपत्रिकेत जपावा. मात्र उद्या कोणत्या संदेशाची चौकशी होईल हे आधी ठाऊक नसल्याने प्रत्येकाच्याच संदेशावर खूण ठेवावी लागेल, असा आक्षेप कंपनीने २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात घेतला. मला तो वजनदार वाटतो. शिवाय त्या नियमातील गुन्ह्यांच्या यादीत सट्ट्याचे नाव नाही!

टेलिफोन टॅपिंगला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच गृहसचिवांच्या आदेशाचे व फेरतपासणी समितीचे बंधन घातले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत अधिकार ठरला. त्यात हस्तक्षेपासाठी कायदा, वैध उद्देश आणि प्रमाणबद्धता आवश्यक झाली. याच आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीतकुमार प्रकरणात टॅपिंगचे आदेश रद्द केले. आरोप लाचेचा होता. परंतु सार्वजनिक सुरक्षिततेला धोका दिसत नव्हता.

महादेव प्रकरणात संचालनालयाचा भर बेनामी बँक खाती व हवाला यांवर राहिला. पैशाची वाट कूटबद्ध नसते. आणि फोन हाती आला, त्याचे कुलूप उघडले, की संदेशही वाचता येतात. येथे मात्र एक विसंगती आहे. वाटेतला संदेश ऐकण्यास गृहसचिवांचा आदेश लागतो. उलट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार डिजिटल पुरावा असण्याची शक्यता असलेले उपकरण सादर करण्याचा लेखी आदेश पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही देऊ शकतो. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्या एका उपकरणात असतो.