कर्जाचं कारण : रेडिओ

भाकरी झाल्या असतील, भांडी बाकी असतील. हात चालू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आज आम्ही शेळीपालनावर किंवा बँकेच्या हप्त्यावर बोलणार नाही. आमच्या गटात घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. त्यात आमची चूकही आहे, तीही सांगतो.

आमचा गट जतकडच्या दुष्काळी पट्ट्यातला. बारा जणी, महिन्याला शंभर रुपये बचत. मागच्या दिवाळीनंतरच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी घेत होतो. कुणाला शेळी घ्यायची होती, कुणाला पोरीची फी भरायची होती. सगळ्यात शेवटी आमच्या आत्या बोलल्या, "मला बाराशे रुपये पायजेत. रेडिओ घ्यायचाय."

आम्ही हसलो. एक जण म्हणाली, "आत्या, पोराच्या मोबाईलमध्ये सगळी गाणी आहेत की!" आत्या म्हणाल्या, "गाणी न्हाईत ऐकायची. लांबचं ऐकायचंय."

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. नातवाची निम्मी कोरी राहिलेली शाळेची वही. आत्या चौथी शिकलेल्या. वहीत रकाने पाडलेले होते : तारीख, वेळ, काटा कुठं, भाषा कुठली, काय ऐकलं. '७२ च्या अंगावर तमिळ. तिथनं केसभर पुढं तेलुगू. ७६ च्या पुढं कानडी, लई मोठा आवाज. ७९ ला पुणे.' आम्ही नंतर पडताळून पाहिलं. आकाशवाणीचं चेन्नई ७२० किलोहर्ट्‌झवर, हैदराबाद ७३८ वर, धारवाड ७६५ वर आणि पुणे ७९२ वर. आत्यांनी काट्याच्या अंदाजानं लिहिलेलं सगळं बरोबर होतं. गावाचं नाव कानावर पडेपर्यंत त्या केंद्राच्या ठिकाणी नुसती फुली मारत, आणि नाव कळलं की फुली खोडून नाव लिहीत. काही फुल्या दोन-दोन वर्षं तशाच होत्या.

हा नाद त्यांना ऊसतोडीत लागला. नवरा-बायको कोयता घेऊन बेळगावकडच्या फडात जायचे. रात्री कोपीबाहेर मालक रेडिओ लावायचे. घरची खबर कळायचं दुसरं साधन नव्हतं. सांगली केंद्राचा आवाज बारीक यायचा, रेडिओ फिरवला की मोठा व्हायचा, आणखी फिरवला की बुडायचा. आत्या पोरांना सांगायच्या, "रेडिओचं टोक जिकडं केलं की आवाज बुडतो, त्या अंगाला सांगली हाय बघा." कानडीही त्या अशीच ऐकून ऐकून शिकल्या. मालक गेले, ऊसतोड थांबली, पण रात्रीचं ऐकणं राहिलं. तो जुना रेडिओ आता दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता.

मैत्रिणींनो, या छंदाला जगभर नाव आहे : डीएक्सिंग. 'डी' म्हणजे अंतर आणि 'एक्स' म्हणजे अनोळखी. आत्यांची फुली आणि हा एक्स एकच! हा छंद करणारे लोक ऐकलेल्या कार्यक्रमाची तारीख, वेळ, लहर आणि आवाज कसा होता ते लिहून केंद्राला पत्र पाठवतात. केंद्रानं ते पडताळलं की एक कार्ड येतं, त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. आपली आकाशवाणीही अशी कार्डं पाठवत आली आहे. आणि आपल्या लोकांना लांबचं ऐकणं काही नवं नाही. १९५२ साली सुरू झालेली बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवरून, म्हणजे श्रीलंकेतून यायची. आपल्या सासू-सासऱ्यांच्या पिढीनं बुधवारची रात्र त्यासाठी राखून ठेवलेली असायची. ती शॉर्टवेव्हवर यायची, आत्यांचं ऐकणं मिडियम वेव्हवर, एवढाच फरक.

आता बाराशे किलोमीटरवरचा आवाज घरात येतो कसा? तुम्ही आत्ता आम्हाला एफएमवर ऐकताय. हा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, डोंगर आडवा आला की संपतो. मिडियम वेव्हची लहर वेगळी. दिवसा ती जमिनीला धरून चालते. वर आकाशात गेलेली लहर मात्र वायाच जाते, कारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर उन्हामुळं विजेचा भार असलेल्या हवेचा एक थर तयार होतो, तो तिला पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग तीच लहर आणखी वरच्या थरावर आपटून, विहिरीत मारलेली हाक परत यावी तशी, शेकडो कोसांवर खाली उतरते. म्हणून लांबचं केंद्र रात्रीच लागतं.

हे सगळं आम्हाला त्या बैठकीत कुठं माहीत होतं? आम्ही वही बघून गप्प झालो एवढंच. पण एक मैत्रीण रागानं बोलली, आणि तिचं बोलणं खोटं नव्हतं. "माझ्या पोरीच्या फीसाठी मला मागच्या महिन्यात थांबवलं. आणि आता रेडिओला पैसे?" आत्या लगेच म्हणाल्या, "आधी तिला द्या. मी थांबते."

तेव्हा आम्ही कर्जाचं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. 'कर्जाचं कारण' हा रकाना. शेळी, बियाणं, शिलाई मशीन, दवाखाना, लग्न, दिराची मोटारसायकल, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. इतक्या वर्षांत बाईला स्वतःला काही आवडतं म्हणून घेतलेलं एकही कर्ज नव्हतं. कुणी नाकारलं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं. दिराच्या मोटारसायकलला आम्ही हसलो नव्हतो, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

ठराव असा झाला : फीचं कर्ज त्या दिवशी, रेडिओचं पुढच्या महिन्यात. सचिवबाईंनी विचारलं, "कारण काय लिहू? घरगुती वापर?" आत्या म्हणाल्या, "रेडिओ लिही की. त्यात लपवायचं काय?" महिन्याला एकशेवीस आणि व्याज, असे दहा हप्ते. एकही चुकला नाही.

तुम्हालाही ऐकून बघायचं असेल तर आत्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. घेताना रेडिओवर 'एएम' किंवा 'एमडब्ल्यू' लिहिलंय का बघा; नुसत्या एफएमचा उपयोग नाही. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसा. मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवा, इन्व्हर्टर यांच्यापासून लांब बसा, त्यांची खरखर रेडिओत शिरते. वीज गेली की आपण वैतागतो, पण आत्या तेव्हाच रेडिओ काढतात! काटा अगदी हळू सरकवा आणि रेडिओ आडवा फिरवत राहा, कारण लहर पकडणारी कांडी आत आडवी बसवलेली असते. आवाज चढेल, बुडेल. सेल संपले असं समजू नका, लांबचा आवाज असाच येतो. थंडीचे दिवस सगळ्यात चांगले. वळवाच्या दिवसांत विजांची कडकड फार, आणि वीज चमकत असताना अंगणात बसायचं नाही, घरात यायचं.

आत्यांच्या वहीत काही ओळींवर काटही मारलेली आहे. 'आता लागत न्हाई.' आकाशवाणीची मिडियम वेव्हची काही प्रक्षेपण केंद्रं गेल्या काही वर्षांत बंद झाली. आत्या म्हणतात, "हायेत तवर ऐकून घ्यावं."

या छंदातून आत्यांना पैसा मिळत नाही. सून अजून अधूनमधून कुरकुरते, "रात्री काय ती खरखर!" आत्या आवाज बारीक करतात, पण उठत नाहीत.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तुमच्या गटाचं रजिस्टर उघडा आणि कारणाचा रकाना एकदा मोठ्यानं वाचा. त्यात तुमच्यासाठी काय आहे ते बघा. आणि एखादी जण काही वेगळं मागायला उठली, तर आमच्यासारखं आधी हसू नका. तिच्या पिशवीत वही आहे का, विचारा.

आत्यांच्या वहीत आज तीन फुल्या बाकी आहेत. त्यातलं एक नाव कळलं की आम्ही इथं येऊन नक्की सांगू. नमस्कार.