वजन नसलेला माल आणि देशोदेशींचे भाव



आपल्या यवतमाळातील कितीतरी घरांची मुले आज परदेशी नोकरीस आहेत. ती सुटीत घरी आली की एक तक्रार हटकून ऐकू येते. येथे फोनवर सहज लागणारा मराठी चित्रपट तिकडे ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ म्हणून अडतो, आणि येथल्या वर्गणीच्या कितीतरी पट पैसे तिकडे मोजावे लागतात. दुकान एक, माल एक, मग हा भेद का?

आपण कापसाच्या मुलखातील माणसे. यवतमाळला कापूस स्वस्त आणि वणीला महाग असला, तर व्यापारी गाड्या भरतो आणि थोड्याच दिवसांत दोन्ही भाव जवळ येतात. गाण्याला तर वजनच नाही. ते क्षणात पृथ्वीप्रदक्षिणा करते. त्याचा भाव सर्वत्र सारखा असावयास हवा. तो नसतो, कारण दुकानदार आपणांस विकतो तो केवळ ऐकण्याचा परवाना, आणि त्याच्या मागे असलेल्या स्वामित्वहक्काला देशाची सीमा असते. वस्तू एकीकडे आणि मालकी दुसरीकडे, हा प्रकार आपणांस नवा नाही. ‘शकुंतले’चे रूळ आपल्या जिल्ह्यात, पण त्यांची मालकी खासगी कंपनीकडे होती.

१८८६ च्या बर्न कराराने देशांनी एकमेकांच्या लेखकांना संरक्षण दिले, तरी कायदा ज्याचा त्याचा राहिला. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क चालतो. तो २०१० अखेर संपला. अमेरिकेत अशा जुन्या पुस्तकाची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षे धरतात. ती २०३० अखेरपर्यंत जाते. पुस्तक एकच, पण येथे मोकळे आणि तेथे बंद!

हक्क असा देशोदेशी वाटलेला असल्याने दुकानदारास प्रत्येक ठिकाणी वेगळा करार करावा लागतो. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आले, तेव्हा वॉर्नर कंपनीशी त्याचे जमले नव्हते. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि त्या कंपनीची गाणी येथील श्रोत्यांना तेथे पुढील वर्षी मिळाली.

आता भावाविषयी. गाण्याची आणखी एक प्रत काढावयास जवळजवळ काही लागत नाही. म्हणून विक्रेता खर्चाकडे न पाहता गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहतो. नेटफ्लिक्सने २०२१ च्या डिसेंबरात येथील साधी वर्गणी ४९९ वरून १९९ रुपयांवर आणली. त्या वेळी अमेरिकेत तशीच वर्गणी सुमारे नऊ डॉलर, म्हणजे साडेसहाशे रुपयांहून अधिक होती. कागदी पुस्तकांत असा फरक ठेवणे अवघड असते. थायलंडमधील स्वस्त आवृत्त्या अमेरिकेत विकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला. फोनवरील पुस्तकाला ही वाट नाही. ते आपण दुसऱ्यास विकू शकत नाही, म्हणून कापसाच्या व्यापाऱ्यासारखा भाव सारखा करणारा कोणी येथे उभाच राहत नाही.

हा अन्याय आहे काय? भावातील भेदास मी सरसकट अन्याय म्हणणार नाही. अमेरिकेचा भाव येथे लावला, तर आपल्या महाविद्यालयातील मुलाला गाणे परवडणार नाही. माझा आक्षेप आहे तो बंद दारावर. पैसे हातात घेऊन गिऱ्हाईक उभे आहे, मराठी कलावंताला ते हवे आहेत, आणि मधला कागद नाही म्हणून व्यवहार अडतो!

या कागदाबाबत आपल्याला काही करता येण्याजोगे आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याचे १९ वे कलम सांगते की, हक्क दुसऱ्याच्या नावे करताना प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरताच दिला असे धरावे. मुदत लिहिली नसेल, तर पाच वर्षांची. नवख्या लेखकाला हे मोठे संरक्षण आहे. पण परदेशचे हक्क आपल्याजवळ राहिले आणि ते कोणाला दिलेच नाहीत, तर तिकडचा दुकानदार ते पुस्तक मांडीत नाही. या सभागृहात लिहिणारे, गाणारे अनेक जण आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की सही करण्यापूर्वी कोणते देश, किती वर्षे आणि कोणत्या रूपात, या तीन गोष्टी स्वच्छ लिहून घ्या. आपल्या भाषेचे दार दूरदेशीच्या नातवंडांना उघडे राहावे, यासाठी एवढे कष्ट आपण घ्यावयास हरकत नाही.